गोष्ट कोण सांगतंय? कथा-कादंबरी समजून घेताना लागणाऱ्या संज्ञा, नवख्यांसाठी

कथा-कादंबऱ्या वाचायला संज्ञा लागतात का? वाचायला नाही लागत. एकही संज्ञा माहीत नसलेल्या माणसांनी कादंबऱ्यांची पारायणं केली आहेत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. संज्ञा लागतात त्या पुस्तक मिटल्यावर. "मस्त आहे" म्हटल्यावर समोरचा "काय मस्त आहे?" असं विचारतो तेव्हा. किंवा सगळे वाखाणतात ती कथा आपल्यापर्यंत पोचत नाही आणि नेमकं कुठे अडलं तेही सांगता येत नाही तेव्हा.

शाळा-कॉलेजात या संज्ञा भेटतात 'कथेचे घटक' म्हणून. कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, भाषाशैली; प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या आणि परीक्षेत एक टीप. पाठ होतात, पण प्रत्यक्ष कथा हातात आली की त्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून इथे व्याख्या कमी आणि कथेला विचारायचे प्रश्न जास्त. क्रमही जरा वेगळा आहे. पाठ्यपुस्तकं कथानकापासून सुरू करतात, मी निवेदकापासून करणार आहे, कारण निवेदक चुकला की पुढचं सगळं चुकतं.

हाताशी कथा नसेल तर हे सगळं हवेत राहील. ही एक छोटी, याच लेखासाठी लिहिलेली:

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पांगले. धाकट्याने हात धुता धुताच विषय काढला.

"विहिरीवरची मोटर माझ्या पैशांची आहे."

थोरला काही बोलला नाही. अडकित्ता घेऊन तो सुपारी कातरायला बसला.

"पावती आहे माझ्याकडं."

"असू दे की."

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आई बाहेर आली. खुंटीवरचा दोर तिने काढला, कळशी कमरेवर घेतली आणि कुणाकडे न बघता विहिरीच्या वाटेला लागली. मोटर बसली त्या दिवशी अण्णांनीच तो दोर तिच्या हातातून घेऊन खुंटीला अडकवला होता.

"आई, नळाला पाणी आहे की," धाकटा म्हणाला.

थोरल्याची सुपारी संपली होती. अडकित्ता मात्र वाजत राहिला.

एकदा सरळ वाचा, मग पुन्हा एकदा सावकाश. आता प्रश्न.

पहिली पायरी: सांगतंय कोण?

कथेत जो आवाज आपल्याला सगळं सांगत असतो तो निवेदक. त्याचं सांगणं म्हणजे निवेदन. निवेदक आणि लेखक एक नसतात, एवढं पक्कं धरून ठेवा. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. तिच्यात यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. लिहिणारे हरि नारायण आपटे. इथे दोघं वेगळे आहेत हे कुणालाही दिसतं. घोटाळा होतो तो निवेदक लेखकासारखाच असला की. 'कोसला'मधला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, भालचंद्र नेमाडेही तसेच आले. मग वाचक पांडुरंगाचं प्रत्येक मत बिनदिक्कत नेमाड्यांच्या खात्यावर जमा करतात. लेखकाने स्वतःच्या आयुष्यातलं कितीही घेतलेलं असो, पांडुरंग हा रचलेला आवाज आहे. तो कुठे फसतोय, कुठे बढाया मारतोय, कुठे दुःख लपवतोय, हे लेखकाला त्याच्यापेक्षा जास्त कळलेलं असू शकतं. दोघांना एक मानलंत की ही शक्यताच बंद होते.

निवेदक 'मी' म्हणून बोलत असेल तर निवेदन प्रथमपुरुषी. तो स्वतः कथेत नसेल आणि 'तो', 'ती', 'ते' म्हणत सांगत असेल तर तृतीयपुरुषी. इथपर्यंत व्याकरण पुरतं. पुढे तृतीयपुरुषीतही प्रकार पडतात. काही निवेदकांना सगळ्यांच्या मनातलं कळतं. तो सर्वसाक्षी किंवा सर्वज्ञ निवेदक. काही निवेदक एकाच पात्राच्या खांद्यावर बसून जग दाखवतात, तो मर्यादित. आणि काही कुणाच्याच मनात शिरत नाहीत, बाहेरून जे दिसतं-ऐकू येतं तेवढंच सांगतात.

आपल्या कथेतला निवेदक या तिसऱ्या जातीचा वाटतो. थोरल्याला काय वाटलं, आईला राग आला का, काही सांगितलेलं नाही. अपवाद फक्त एका वाक्याचा. अण्णांनी दोर खुंटीला अडकवला होता, हे त्या क्षणी तिथे हजर असलेल्या परक्या माणसाला दिसलं नसतं. निवेदकाला ते माहीत आहे, आणि आई वाटेला लागल्याबरोबर तो ते सांगून मोकळा होतो. तटस्थपणाचा आव आणलेला हा निवेदक कुणाच्या बाजूला उभा आहे, ते या एका वाक्यात उघड पडतं.

आता थोडं अवघड, पण फार कामाचं. सांगणारा एक आणि बघणारा दुसरा असू शकतो. कथेतलं जग ज्याच्या नजरेतून दिसतं, त्या जागेला दृष्टिकोन किंवा दृष्टिबिंदू म्हणतात. जेरार जनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ साली 'कोण बोलतं' आणि 'कोण बघतं' हे दोन प्रश्न वेगळे काढून दाखवले, तेव्हापासून हा भेद समीक्षेत रुळला. आपलीच कथा अशी लिहून बघा:

धाकट्याने पाहिलं, आई दोर घेऊन निघाली होती. झालं सुरू. घरात नळ असताना हे कशासाठी? शेजारच्या ओट्यावर अजून दोन माणसं बसलेली होती, त्यांनी बघावं म्हणूनच की!

निवेदन तृतीयपुरुषीच आहे, 'धाकट्याने' असंच म्हटलंय. पण 'झालं सुरू' हा वैताग निवेदकाचा नाही, धाकट्याचा आहे. अवतरणचिन्हं नाहीत, 'त्याला वाटलं' नाही, तरी आपण त्याच्या डोक्यात आहोत. आधुनिक कादंबऱ्यांची पानंच्या पानं अशी असतात. ती लेखकाची मतं म्हणून वाचली की कादंबरी हातातून निसटते.

आता 'मी'च्या तोंडून:

मोटर माझ्या पैशांची, हे बोललो त्यात चुकलं काय माझं? दादाने साधा विरोधसुद्धा केला नाही, म्हणजे त्यालाही पटलेलंच होतं. आईचा स्वभाव पहिल्यापासूनच असा. आता या वयात दोर ओढायची काही गरज होती का? पण मी मनाला लावून घेत नाही.

खरं तर इथे एकही घटना खोटी नाही. थोरला गप्पच होता, आईने दोर घेतलाच. पण थोरल्याच्या गप्प राहण्याचा अर्थ याने आपल्या सोयीने लावलाय आणि 'मनाला लावून घेत नाही' असं सांगणाऱ्याने ते चांगलंच लावून घेतलंय. अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाची, १९६१ सालची. अविश्वसनीय म्हणजे थापाड्याच असं नव्हे. लहान मूल, प्रेमात बुडालेला, अपमान गिळलेला, स्वतःला फार शहाणा समजणारा, यांपैकी कुणीही. ओळखायची खूण एकच: त्याने सांगितलेल्या घटना आणि त्याने लावलेला अर्थ यांच्यात फट दिसते.

निवेदक एकापेक्षा जास्तही असतात. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघं आपापली बाजू मांडतात. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्णही बोलतात. अशी कादंबरी वाचताना एक सवय लावून घ्या. निवेदक बदलला की थांबायचं आणि याला असं काय माहीत आहे जे आधीच्याला माहीत नव्हतं, ते बघायचं. एकच प्रसंग दोघांनी सांगितला असेल तर दोन्ही पानांत बोटं घालून ताडून बघा.

गोष्टीच्या आत गोष्ट असली तर बाहेरच्या गोष्टीला चौकट म्हणतात. 'श्यामची आई'मध्ये मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. चौकट विसरून वाचलं तर पुस्तक लहान मुलाचं वाटतं. चौकट लक्षात ठेवली तर ऐकू येतो तो आई गमावलेल्या प्रौढाचा आवाज, आणि तो आवाज हळवा का आहे तेही कळतं.

संज्ञाप्रवाह हा शब्दही कधीतरी कानावर पडेल. मनात विचार जसे येतात, तुटक, एकातून दुसऱ्यात घुसणारे, तसेच कागदावर मांडायचे, ही ती पद्धत. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९०च्या आपल्या ग्रंथात मनाच्या व्यापाराला प्रवाह म्हटलं आणि तिथून ते साहित्यात आलं. मराठीत बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) हा त्या दिशेचा सुरुवातीचा प्रयोग. नवख्याने तिथून सुरुवात करू नये, एवढंच सांगतो.

दुसरी पायरी: घडलं कधी आणि सांगितलं कधी?

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रजी कादंबरीकाराने १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांतलं एक उदाहरण जगभरच्या वर्गांत घासून गुळगुळीत झालंय, पण त्याला अजून पर्याय सापडलेला नाही. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. गोष्टीत 'मग काय झालं' याचं उत्तर असतं, कथानकात 'का झालं' याचं. जुन्या मराठी समीक्षेत कथानकालाच संविधानक म्हणतात; दोन वेगळ्या गोष्टी समजून घाबरू नका.

कार्यकारणाइतकाच महत्त्वाचा असतो सांगण्याचा क्रम. आपल्या कथेत घटना घडल्या त्या अशा: आई दोराने पाणी शेंदायची, मोटर आली, अण्णांनी दोर खुंटीला लावला, अण्णा गेले, तेराव्याला धाकट्याने मोटर मागितली, आईने दोर काढला. सांगितल्या मात्र उलटसुलट. दोराचा इतिहास येतो तो आई घराबाहेर पडल्यानंतर. ते वाक्य उचलून पहिल्या ओळीत टाकून बघा. आईने दोराला हात घातल्या घातल्या सगळं कळून जाईल आणि कथेतली हवा जाईल. मागे जाऊन सांगण्याला सगळेच फ्लॅशबॅक म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. मात्र फ्लॅशबॅक दिसला की तो इथेच का, दहा पानं आधी का नाही, हा प्रश्न विचारायचा.

पुढे घडणाऱ्याची आधीच हळूच चाहूल देणं म्हणजे पूर्वसूचन. भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवलीत तर ती पुढे उडाली पाहिजे, हा चेखव्ह या रशियन लेखकाचा सल्ला याच जातीचा. त्याचा धाक फार घेऊ नये. काही बंदुका शोभेच्याही असतात.

आणखी एक जोडी या पायरीवरच बघून ठेवा: प्रसंग आणि सारांश. "पुढची सात वर्षं त्याने नोकरीत काढली" हा सारांश. सुपारी कातरण्याचं वर्णन हा प्रसंग. लेखक कुठे पटकन पुढे सरकतो आणि कुठे रेंगाळतो, यावरून त्याला कशाचं मोल आहे ते कळतं. लग्नाचा अख्खा सोहळा एका ओळीत आणि नंतरचं भांडी आवरणं दोन पानांत असेल, तर कादंबरी लग्नाबद्दल नाही.

संघर्ष, उत्कर्षबिंदू, कलाटणी या संज्ञा तुम्हाला माहीतच असतील, बहुतेक त्या चढत्या-उतरत्या त्रिकोणाच्या आकृतीसकट. ती आकृती गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाची, १८६३ सालची, आणि ती त्याने पाच अंकी नाटकासाठी काढली होती. कथेला ती बसलीच पाहिजे असं काही नाही. मराठीत ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन'मधून (१९३१) तंत्राचा हिरिरीने पुरस्कार केला. सुरुवात, गुंतागुंत, उत्कंठा, शेवट, सगळं घोटीव हवं. पुढे १९४५च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि तिने ही चौकट मोडली. मोठी घटना नाही, कलाटणी नाही, शेवट बांधलेला नाही. तेव्हा "कथेत काही घडतच नाही" असं वाटलं तर आधी कुणाच्या मनात काही हललं का ते बघा. आपल्या कथेत बाहेर घडलंय काय? एक बाई पाणी आणायला गेली.

तिसरी पायरी: माणसं

कथेत वावरणारं कुणीही पात्र. त्याला स्वभाव, भूतकाळ, विसंगती मिळाल्या की व्यक्तिरेखा. लेखक स्वभाव दोन रीतींनी दाखवतो. एक, थेट सांगून: "थोरला सोशिक होता." दुसरी, वागण्या-बोलण्यातून: सुपारी संपली तरी अडकित्ता वाजतोय. दुसरी रीत भारी आणि पहिली कच्ची, असं आजकाल लेखनाच्या कार्यशाळांत ठासून सांगतात. मला ते पटत नाही. चांगला निवेदक एका सरळ विधानात माणूस उभा करू शकतो. प्रश्न रीतीचा नसून ती कुठे वापरली याचा आहे.

एकाच गुणावर उभी असलेली पात्रं एकपदरी, आणि आपल्याला चकवण्याची ताकद असलेली पात्रं बहुपदरी. हा भेदही फॉर्स्टरच्या त्याच व्याख्यानांतला. एकपदरी म्हणजे वाईट, असा गैरसमज मात्र नको. विनोदी कथा तर एकपदरी पात्रांवरच चालते. बिघडतं ते नायक एकपदरी निघाला आणि लेखकाला त्याचा पत्ताच नसला तर.

चौथी पायरी: जागा आणि बोली

कथा कुठे आणि कधी घडते ते स्थळ-काळ, आणि त्यातून अंगावर येणारा भाव म्हणजे वातावरण. स्थळ निव्वळ पडद्यासारखं मागे लटकतंय की कथेला भाग पाडतंय, ते बघायचं. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) चक्रधर आणि हॅर्टा बोटीवर भेटतात. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू. बोटीचा प्रवास संपणार हे पहिल्यापासून ठरलेलं, त्यामुळे त्यांच्या प्रेमाला मिळालेला वेळही मोजका. बोट काढून तिथे हॉटेल ठेवलंत तर ती कादंबरी उरत नाही.

बोलीकडे मराठी वाचकाने जास्तच लक्ष द्यायला हवं, कारण आपल्याकडे माणूस तोंड उघडतो आणि त्याचं गाव, जात, शिक्षण, वर्ग यांचा अंदाज यायला लागतो. वरची कथा पुन्हा बघा. धाकटा म्हणतो 'माझ्याकडं', निवेदक म्हणतो 'कुणाकडे'. पात्राची भाषा गावची, निवेदकाची पुस्तकी. हे अंतर ठेवलेलं आहे. मराठीतल्या पुष्कळ ग्रामीण कथा अशाच दोन भाषांत चालतात. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक आणि तिच्या भोवतीची माणसं वऱ्हाडीत बोलतात, आणि त्या बोलण्यातूनच ती उभी राहतात. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'मध्ये (१९६५) आणखी वेगळं आहे. तिथे नाक्यावरचा पोक्याच निवेदक आहे, त्यामुळे प्रमाणभाषेत बोलणारा सभ्य मध्यस्थ आपल्या आणि त्या पोरांच्या मध्ये उभा राहत नाही. त्या पुस्तकावर जो गदारोळ झाला त्याचं एक कारण, माझ्या मते, हे निवेदनच. तेच प्रसंग नाक मुरडणाऱ्या निवेदकाने सांगितले असते तर पुष्कळांनी पचवले असते.

पाचवी पायरी: दोर म्हणजे काय?

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांना जाणवेल असं शब्दचित्र म्हणजे प्रतिमा. अडकित्त्याचा आवाज ही प्रतिमा. एखादी वस्तू स्वतःपुरती असूनही स्वतःपलीकडचं काही सुचवायला लागली की ती प्रतीक.

इथे नवखे वाचक दोन टोकांना जातात. काहींना प्रतीक दिसतच नाही, काहींना सगळीकडे दिसतं. सुपारी म्हणजे काळ, कळशी म्हणजे गर्भ वगैरे. आवर घालायला एक साधी तपासणी पुरते. कथेने त्या वस्तूवर वजन टाकलंय का? म्हणजे ती पुन्हा येते का, मोक्याच्या जागी येते का, तिला इतिहास दिलाय का? दोराला इतिहास दिलाय. तो खुंटीवर गेला तेव्हा आईचे कष्ट संपले होते आणि ते संपवणारा माणूस आता नाही. कळशीला असं काही दिलेलं नाही. ती पाणी आणायची कळशी आहे, तिला तेवढीच राहू द्या. आणि दोर प्रतीक असला तरी आधी तो दोरच आहे. 'दोर म्हणजे स्वाभिमान' असं समीकरण मांडलंत की प्रतीक मेलं.

सहावी पायरी: सूर

निवेदकाचा विषयाकडे आणि वाचकाकडे बघण्याचा जो कल शब्दांतून जाणवतो तो सूर: गंभीर, खट्याळ, कडवट, मायाळू. म्हणायचं एक आणि सुचवायचं उलट, हा उपरोध. पात्राला कळत नाही आणि वाचकाला कळतं, तेव्हा होतो तो नाट्यात्म उपरोध.

"आई, नळाला पाणी आहे की." हे वाक्य मी मुद्दाम इथवर राखून ठेवलं. नळाला पाणी कुठून येतंय? त्याच मोटरने. जी आपली एकट्याची म्हणून याने आत्ताच सांगितलं, तिचंच पाणी तो आईला देऊ करतोय, आणि आपण काय बोललो याची त्याला गंधवार्ता नाही. आईला आहे. कथेत हे कुठेच म्हटलेलं नाही. न सांगता ठेवलेल्या अशा भागाला अध्याहृत म्हणतात, आणि संवाद वाचताना तो शोधणं हे वाचनातलं खरं सुख आहे. थोरल्याचं "असू दे की" घ्या. संमती आहे, तुच्छता आहे, की थकवा? मला थकवा वाटतो. तुम्हाला वेगळं वाटलं तर कथेतला पुरावा दाखवा, भांडायला मी तयार आहे.

सर्वांत शेवटी: कथा कशाबद्दल आहे?

हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यांत आधी विचारतात आणि म्हणून फसतात. लहानपणीच्या इसापनीतीची सवय. गोष्ट संपली की तात्पर्य. आशयसूत्र म्हणजे तात्पर्य नव्हे. 'वाटणीवरून भांडू नये' हे तात्पर्य, आणि ते कळण्यासाठी कथा लिहायची गरज नव्हती. 'वाटणी' हा विषय. आशयसूत्र या दोन्हींपेक्षा वेगळं. कथेतल्या सगळ्या धाग्यांना एकत्र धरणारी जाणीव म्हणा. ती एका शब्दात मावत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या कथांबद्दल 'नियती' एवढं म्हणून लोक थांबतात; तो फार तर विषय झाला. नियतीपुढे त्यांची माणसं काय करतात, काय निवडतात, कशाला चिकटून राहतात, हे एखाद्या कथेपुरतं पूर्ण वाक्यात सांगता आलं की आशयसूत्राजवळ पोचलात.

आपल्या कथेसाठी मी असं वाक्य लिहीन: घरातल्या वस्तू कुणाच्या पैशांच्या आहेत हे पावतीवरून ठरतं, पण त्या कुणासाठी आल्या होत्या ते फक्त वापरणाऱ्याला माहीत असतं. जरा गोळाबेरीज झाली आहे, पण निदान दोर, मोटर, पावती आणि आई चौघंही तिच्यात आली. तुमच्या वाक्यातून कथेतली एखादी ठळक गोष्ट बाहेर राहत असेल तर वाक्य बदला, कथा वाकवू नका.

कथा, दीर्घकथा, लघुकादंबरी, कादंबरी या भेदांवर डोकं शिणवू नका. पानांची ठरीव संख्या कुठेच नाही. साधारण म्हणायचं तर कथा एका ताणावर उभी असते आणि कादंबरीला एकाहून अधिक ताण, जास्त काळ, जास्त माणसं पेलतात. प्रकाशकाने मुखपृष्ठावर जे छापलंय ते पुरेसं.

आता हात चालवा

सरावासाठी दिवाळी अंकासारखी सोय नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं हे हक्काचं घर आहे, आणि रद्दीच्या दुकानात जुने अंक स्वस्तात मिळतात. सात-आठ पानांची एक कथा निवडा. ओळखीच्या लेखकाची नको, म्हणजे त्याच्या नावाचा दबाव येणार नाही.

पहिलं वाचन पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनात पहिल्याच पानाच्या समासात चार गोष्टी लिहा: कोण सांगतंय, कुणाच्या नजरेतून, कुणाला, आणि सांगणाऱ्याला काय माहीत नाही. चौथ्याचं उत्तर बहुधा शेवटच्या पानापर्यंत मिळत नाही. जागा रिकामी सोडा. पुढे जाताना जिथे काळ मागे-पुढे जातो तिथे उभी रेघ मारा. एखादी वस्तू दुसऱ्यांदा आली तर तिच्याभोवती गोल करा. पात्र जे बोलायचं टाळतंय असं वाटेल तिथे प्रश्नचिन्ह. बस, एवढ्याच खुणा.

मग एक परिच्छेद निवडा आणि निवेदक बदलून तो पुन्हा लिहा, वर मोटरवाल्या धाकट्याचा लिहिला तसा. 'ती'ची 'मी' करा, किंवा प्रसंग शेजाऱ्याच्या तोंडून सांगा. पाच-सहा ओळी पुरतात. काय गमावलं आणि काय नव्याने आलं ते लगेच दिसतं, आणि लेखकाने मूळ निवेदक का निवडला असेल याचा अंदाज येतो. हा व्यायाम दहा व्याख्यांपेक्षा जास्त शिकवतो, कंटाळवाणाही नाही.

सगळ्या संज्ञा एकाच कथेवर चालवून बघू नका. कुठल्या कथेत प्रतीक नसतंच, कुठल्या कथेत सगळी मजा बोलीची असते आणि कथानक नावापुरतं. जो प्रश्न विचारल्यावर कथा हलते तो धरा, बाकीचे पुढच्या कथेसाठी ठेवा.